खिशातला डावा हात

“लोरेटा, साक्षीदार काय बोलला तेवढंच टिप. त्याला घाम किती फुटला ते टिपू नकोस. घामावर विसंबून मी एकदा निरपराध माणसाला तुरुंगात धाडलंय.”

म्हाताऱ्या न्यायाधीशांचा तो खरखरीत आवाज तीस वर्षांपूर्वीचा. कोर्टात लघुलेखन करण्यात लोरेटाचा जन्म गेला. आज नेब्रास्कातल्या त्या गावी, माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये, पॅनकेकच्या खरपूस वासात तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला. कारण समोर चमत्कार चालला होता.

रिपब्लिकन क्लबची महिन्याची न्याहारी होती. दीडशे माणसं काटे-चमचे खाली ठेवून डॅरिक स्लोनकडे बघत होती. ‘देहबोलीचा डॉक्टर’ ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली. पडद्यावर विरोधी पक्षाच्या बाई भाषण करत होत्या, आवाज बंद.

“नाक खाजवलं! बघितलंत? कर वाढवायचं मनात आलं की नाकाला मुंग्या येतात!”

“मग त्यांचा अख्खा पक्षच सर्दीनं हैराण असेल!” मक्याचा व्यापारी ऑर्व्हिल मागून ओरडला. हॉलमध्ये हशा पिकला. लोरेटाही हसली. चाळीस वर्षं ती याच क्लबात होती. त्या बाईंना ती मेली तरी मत देणार नव्हती.

पण स्लोनची पोपटपंची थांबेना. पापणी लवली तर खोटं. नाही लवली तर पाठ केलेलं खोटं. हात हलले तर घाबरलाय, नाही हलले तर मुरलेला आहे. एवढ्या रुंद जाळ्यातून मासा सुटायचा कसा?

मग तो वळला. “आणि आपल्यातल्यांचं काय? व्हर्ल, उभा राहा बरं!”

व्हर्ल टिमनं सव्वीस वर्षं जिल्ह्याचे कच्चे रस्ते सपाट केले होते. जिल्हा मंडळाच्या उमेदवारीसाठी क्लबचा पाठिंबा त्याला द्यायचा की नाही, याचं मतदान न्याहारीनंतर होतं. तो उभा राहिला. डावा हात पँटच्या खिशात.

“तासभर बघतोय मी. हा हात बाहेर आलाच नाही. लपवलेला हात म्हणजे लपवलेला पैसा!”

हॉलमधलं हसू विझलं. ऑर्व्हिल पुटपुटला, “खडीच्या कंत्राटात काही गडबड तर नसेल ना?” एका वाक्यात सव्वीस वर्षं धुळीला मिळाली.

लोरेटाला खिशातलं गुपित ठाऊक होतं. फेब्रुवारीत चर्चच्या स्वयंपाकघरात तिनं व्हर्लच्या हातातला कप बशीवर खडखडताना पाहिला होता. “कुणाला सांगू नकोस, लोरेटा,” एवढंच तो म्हणाला होता. तिनं शब्द दिला होता. तो मोडायचा नव्हता, आणि गप्पही बसवेना.

ती उठली. “डॉक्टरसाहेब, माझ्याकडेही एक चित्रफीत आहे. विरोधी पक्षाच्या सिनेटच्या उमेदवाराची. चेहरा झाकते, तुम्हाला हात पुरेत ना?”

“बाई, मला करंगळी पुरे!”

तिनं पडद्याच्या वरच्या अर्ध्यावर टेबलक्लॉथ अडकवला आणि आपला फोन जोडून आवाज बंद ठेवूनच चित्रफीत लावली. खाली दिसले दोन म्हातारे हात, एक कागद घट्ट धरलेले.

“अरेरे!” स्लोन कळवळला. “अंगठा आत दडपलाय, म्हणजे लोभ. कागद थरथरतोय, म्हणजे पाप बोचतंय. आणि हे बोट... शंभर टक्के खोटं! प्रत्येक शब्द खोटा!”

टाळ्या पडल्या. लोरेटानं आवाज सुरू केला आणि कापड ओढलं.

पडद्यावर हार्लन व्होस होता. क्लबचा अध्यक्ष, वसंतात वारलेला. गेल्या वर्षीच्या मेमोरियल डेला जिल्ह्यातल्या हुतात्मा सैनिकांची नावं वाचत होता. एकेक नाव, मध्ये श्वास. शेवटचं नाव त्याच्या स्वतःच्या भावाचं.

“यातलं कुठलं नाव खोटं, डॉक्टरसाहेब?” लोरेटानं विचारलं.

ऑर्व्हिलनं डोक्यावरची टोपी काढली. स्लोन मात्र उसळला.

“तू फसवलंस मला! दुसऱ्या पक्षाचा म्हणालीस!”

“हेच तर! पक्ष आधी कळला की मग तुला हात वाचता येतात. आवडत्याचा हात थरथरला तर माया, नावडत्याचा थरथरला तर पाप. आणि आपण दीडशे जण टाळ्या पिटतो, कारण हवं तेच ऐकायला मिळतं.”

स्लोन फणकारला, “मग त्याला म्हणावं, काढ हात बाहेर! लपवलाय की नाही?”

“लपवलाय,” लोरेटा शांतपणे म्हणाली. “तेवढंच दिसतं. का लपवलाय ते डोळ्यांना दिसत नाही, विचारावं लागतं. गड्यांनो, कुणी विचारलंत? त्याची कामं बघा, मंडळाचे कागद बघा, तोंडावर प्रश्न करा. माणसाला ओळखायला याहून सोपी वाट नाही.”

ऑर्व्हिल जागेवरून उठला. मान खाली घालून म्हणाला, “व्हर्ल, लेका, मीच विचारतो. काय झालंय?”

व्हर्लनं लोरेटाकडे बघितलं. मग हळूच हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. काटे-चमचे किणकिणू लागले.

“कंपवात,” तो म्हणाला. “दोन वर्षं झाली. तुम्ही मला मोडीत काढाल म्हणून बोललो नाही. आता मतदान घ्या.”