पांढरी चादर

लेकीला, ईराला, शब्द शिकवायची प्रांजलीला एरवी कोण हौस. पण शाळेनं पाचवीच्या मुलांना जुन्या इंग्रजी भयकथा-कवितांचं पुस्तक दिलं, कठीण शब्द त्यातूनच शिका म्हणून, आणि तिनं ते चाळून पाहिलं. पानोपानी थडगी आणि प्रेतं. दिवेलागणीला घरात अभद्र काही बोलायचं नाही हा तिच्या सासरचा दंडक, तो तिनं बंगळुरातल्या येलहंकाच्या फ्लॅटमध्येही पाळला होता. त्यात सासऱ्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मग पुस्तक तिनं कपाटात वर ठेवलं, स्वतःच वाचलं, आणि ईराकडून तेवढे शब्द पाठ करून घेतले, अर्थ जरा मऊ करून. श्राउड म्हणजे पांढरी चादर. खोटं थोडंच होतं?

शनिवारी पालकांसमोर मुलांनी एकेका शब्दाचं वाक्य करायचं होतं. ईराला नेमका श्राउडच आला. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाली, की पाहुणे येणार म्हणून आईनं पलंगावर स्वच्छ श्राउड घातलं.

वर्ग हसत सुटला. पालकांतही कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. भाग्यलक्ष्मी मॅडमनी मुलांना गप्प केलं आणि विचारलं, हा अर्थ कुणी सांगितला? प्रांजलीनं पर्समध्ये डोकं घातलं, फोन शोधल्यासारखं. उठून सांगावं असं वाटत होतं, पण ती बसूनच राहिली. आपण इंग्रजी घेऊन बी.ए. केल्याचं ती नुकतंच शेजारच्या बाईंना सांगून बसली होती.

ईरानं एकदाच मागं वळून पाहिलं. "मीच शोधला, मॅम," म्हणाली आणि खाली बसली.

संध्याकाळी प्रांजलीनं देवापाशी दिवा लावला तेव्हा ईरा दप्तर आवरत होती.

"तुला खरा अर्थ माहीत होता ना?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं. "होता," प्रांजली म्हणाली. "मेलेल्या माणसावर घालतात ते कापड." दिवेलागणीला असलं तिनं आजवर कधी उच्चारलं नव्हतं.

"आजोबांवर घातलं होतं तसं?"

त्या दिवशी, काही दिसू नये म्हणूनच, ईराला समोरच्या शिवलीला अक्कांकडे धाडलं होतं.

"तू कधी पाहिलंस?"

"अक्कांच्या खिडकीतून. तुला रडू येईल म्हणून बोलले नाही."

प्रांजलीला मान वर करवेना. सोमवारी मॅडमना फोन करून सगळं सांगते, असं ती कसंबसं म्हणाली.

"फोन नको," ईरा म्हणाली. "वर्गात ये. सगळे असताना सांग."

प्रांजलीनं हो म्हटलं. मग स्टूल ओढलं आणि कपाटात वर ठेवलेलं पुस्तक खाली काढलं.