रताळ्याला मीठ

कढईचा एक कान मोडलेला आहे.

काळू म्हणायचा, वासोण्याच्या सफारीतल्या सिंहालाही आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात. त्याला एकादशी कोण सांगतं?

एकशे आठ मणी. एक फुटला होता, तिथे दोऱ्याची गाठ.

एकेचाळीस किलो. मागच्या महिन्यात त्रेचाळीस.

जर्मन साहेब जाताना सगळ्यांशी हात मिळवून गेला. वॉचमनशीही.

फ्रीजच्या वरच्या खणात एक पाकीट. दोन पिशव्यांत बांधलेलं. पिशवीला गाठ, गाठीवर रबर.

"मीठ?"

*

हा प्रश्न पुतळाबाईचा. नऊ वर्षं, रोज.

सिल्वासात एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर ती स्वयंपाकाला होती. तिचा नवरा काळू तिथेच गेटवर वॉचमन. दोघं शहाद्याकडची. मशिनं बसवायला आलेला जर्मन साहेब सकाळी एकच नाश्ता मागायचा: रताळ्याच्या फोडी, बेकन, कांदा, वर अंडं. पहिल्या दिवशी त्याने स्वतः ओट्यापाशी उभं राहून शिकवलं. डुकराचं मांस आहे हे कळल्यावर पुतळाबाईने गळ्यातली तुळशीची माळ पदराखाली सारली. बाप गेला तेव्हा घातलेली माळ.

"शिजवीन," ती म्हणाली. "नोकरी आहे. जिभेवर ठेवणार नाही."

मग चव कोण बघणार?

मागच्या दारातून काळू आत आला. टोपी काढली, एक फोड तोंडात टाकली.

"मीठ?"

"घालूच नको. हे मिठातच मुरलेलं असतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"जीभ आहे ना मला."

"जीभ! खाट सोडली तर चार पायांचं सगळं खाता तुम्ही."

"खाटेला नीट मीठ लावून दे, पुतळे. तीही खातो."

तेव्हापासून हात तिचा, जीभ त्याची. गेस्ट हाऊसवर तसंच, घरी तसंच. घरी त्याच्यासाठी मटण केलं की ती डाव पुढे धरायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

*

बेकन थंड कढईत घालायचं. मग गॅस पेटवायचा. आच मंद. चरबी आपली आपण सुटते.

*

काळूच्या गळ्यात गाठ निघाली. सुरतेला पस्तीस वेळा रेडिएशनचा शेक दिला. तोंडातल्या जखमा भरल्या, पण चव परतली नाही. भात माती, कढी माती, गूळही माती. तो ताटापुढे बसायचा आणि उठायचा. डॉक्टर म्हणाले, खाल्लं पाहिजे, वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध झेपणार नाही. शेजारच्या खाटेपाशी बसलेली म्हातारी म्हणाली, "जिभेला चव आली की माणूस परत येतो, बाई. आमचा नाही आला."

हे वाक्य पुतळाबाई सुरतेहून घरी घेऊन आली.

पंधरवड्यापूर्वी काळू अचानक म्हणाला, "साहेबाचा नाश्ता कर." त्यांची मुलगी सोनी धाग्याच्या कंपनीत आहे. कामावरून सुटताना तिने बेकनचं ते पाकीट आणलं. पुतळाबाईने बेकन कात्रीने बारीक केलं, रताळी मऊ शिजवली आणि ताट ठेवताना सवयीने विचारलं.

"मीठ?"

काळू खूप वेळ चावत राहिला.

"किंचित कमी."

पुतळाबाईने ओटा धरला. सोनीने त्याच दिवशी शहाद्याला तीन फोन केले. मारुतीला नारळ गेला. शेजारची शीतल गुजरातीत काहीतरी बोलून रडली.

त्यानंतर दिवसाआड तोच नाश्ता. कधी "बरोबर", कधी "जरासं कमी". काळू चार घास तरी खात होता. वजनाचा काटा तरीही खाली चालला होता.

"काटा बिघडलाय," पुतळाबाई म्हणाली.

"बिघडलाच असेल," सोनी म्हणाली.

*

आज एकादशी. म्हणून रताळी दोघांची.

पाकीट उघडायच्या आधी तिने स्वतःची अर्धी रताळी वेगळ्या ताटलीत काढली. दाण्याचं कूट, मिरची. ताटली खिडकीत, झाकण ठेवून. उरलेली त्याची. बेकनला चरबी सुटली, त्यात फोडी, कांदा. परवा तो "कमी" म्हणाला होता, म्हणून अर्धा चमचा मीठ.

"पाणी आव्युं, मासी!" बाहेरून शीतल ओरडली.

पुतळाबाईने गॅस बारीक केला, नळावर गेली, दोन हंडे भरून आली. अर्धा चमचा मीठ. अंडं. ताट.

काळू भिंतीला टेकून बसला होता. पहिला घास घेतला. एका घासाला एक घोट पाणी, कारण तोंडात लाळ उरली नव्हती.

ती चमचा धुवायला वळली. मिठाच्या बरणीचं झाकण ओट्यावर उताणं पडलं होतं.

नळावर जाताना तिने बरणी बंद केली होती. केली होती ना? चिलटं पडतात म्हणून बंद केली होती.

म्हणजे दोनदा.

की एकदाच?

तिने मागे वळून पाहिलं. काळूचा तिसरा घास चालू होता.

"ओ. मीठ?"

तो चावला. घोट घेतला.

"बरोबर."

"नीट बघा."

"अगं, बरोबर आहे म्हणतो ना. आज तर अगदी साहेबाच्या वेळचं."

*

एकदा घातलं असेल तर काळूला चव आली आहे.

दोनदा घातलं असेल तर कधीच आली नव्हती.

*

सोनी संध्याकाळी येणार. शीतल वैष्णव, ती हे जिभेवर ठेवणार नाही. बरणी काही बोलत नाही.

पुतळाबाई त्याच्यासमोर खाली बसली. माळ तिने काढली नाही. माळ काढायला हात मानेकडे गेला असता तर काळूला कळलं असतं. तिने त्याच्या ताटातली एक फोड उचलली. फोडीवर चरबी चकाकत होती. बेकनचा एक तुकडा चिकटलेला होता, तो तिने झटकला नाही.

तोंडात घातली.

इतकं खारट की डोळे आपोआप मिटले.

तिने ती थुंकली नाही. चावली, हळूहळू, तो चावायचा तितकाच वेळ. गिळली. डोळे उघडले तेव्हा काळूचा हात ताटात थांबला होता. तो तिच्या माळेकडे बघत होता. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, ती इतकी वर्षं त्याच्याकडे बघायची तसं.

"मीठ?" त्याने विचारलं.

नळावर कुणाचा तरी हंडा भरून वाहत होता.

"बरोबर आहे," पुतळाबाई म्हणाली.

त्याने मान हलवली. पुढचा घास घेतला. तिने दुसरी फोड उचलली, मग तिसरी. तिने जितकं खाल्लं तितकं त्याला कमी खावं लागणार होतं. तांब्या दोघांच्या मध्ये होता. एक घोट तो घ्यायचा, एक ती.

खिडकीतल्या ताटलीवरचं झाकण तसंच राहिलं.

त्यांच्या लग्नाच्या पंगतीत काळूने वरणावर मीठ मागून घेतलं होतं.