आमचे हे पुढे आहेत

अभिनव घरात होता तोवर तनुजा त्याला अभिनवच म्हणायची. तो निघून गेल्यावर तो ‘आमचे हे’ झाला. नाव घेतलं की लोक पुढचं विचारतात, कुठे असतो, कधी येणार, फोन येतो का; ‘आमचे हे’ म्हटलं की समोरचा मान डोलावतो आणि बोलणं आपोआप दुसरीकडे वळतं, हे तिच्या लवकरच लक्षात आलं होतं. लग्नानंतर ती दोघं यवतमाळहून खराडीच्या या सोसायटीत राहायला आली, तेव्हा पुण्यात त्यांचं ओळखीचं असं कोणी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी अभिनव दोन बॅगा घेऊन लिफ्टमध्ये शिरला, तेव्हा समोरच्या विजयमालाकाकूंनी दार उघडून सहज विचारलं, “ऑनसाइट वाटतं?” तनुजा “हो” म्हणाली. महिनाभरात खरं काय ते सांगून टाकू, असं तिनं तेव्हा मनाशी ठरवलंही होतं.

महिना गेला आणि सांगणं आणखी अवघड होऊन बसलं. नवऱ्यानं टाकलेली बाई म्हणून रोज लिफ्टमध्ये उभं राहण्यापेक्षा परदेशी गेलेल्या नवऱ्याची बायको म्हणून उभं राहणं कितीतरी सोपं होतं, आणि खोटं बोलायला लागतं तरी काय, थोडी कल्पना आणि सरळ चेहरा. ‘हे’ जर्मनीत राहू लागले. ह्यांना तिथली थंडी बाधली, हे बारीक झाले, ह्यांना चष्मा लागला, हे वरणभाताचा कुकर स्वतः लावायला शिकले. एकदा काकू फारच खोलात शिरल्या, तेव्हा तनुजानं लक्ष्मी रोडवरून पुरुषी मापाचा एक मरून स्वेटर आणला. त्याचं तिसरं बटण सैल होतं, ते तिनं काकूंच्या देखत, हाताशी होता त्या निळ्या दोऱ्यानं घट्ट केलं, पार्सलनं पाठवते म्हणाली, आणि दार लावून घेतल्यावर तो माळ्यावरच्या बॅगेत कोंबून टाकला. त्या बॅगेला तिनं पुन्हा हात लावला नाही. खरा अभिनव नदीपलीकडे बाणेरला दुसऱ्या एका बाईबरोबर राहत होता आणि मुलीच्या वाढदिवसालाही फोन करत नव्हता.

तिला सगळ्यांत जास्त लाज वाटायची ती मुलीसमोर. सात वर्षांच्या सृष्टीला तिनं जवळ बसवून शिकवलं होतं, कोणी बाबांविषयी विचारलं तर खाली बघायचं नाही, खाली बघितलं की समोरच्याला कळतं. सरळ डोळ्यांत बघायचं, शांतपणे एकच वाक्य सांगायचं आणि गप्प बसायचं. सृष्टी हुशार, तिला ते पहिल्याच खेपेला जमलं. त्या दिवशी जेवताना मात्र तिनं विचारलं, “मग खरं कुणाला सांगायचं?” “कुणालाच नाही,” असं म्हणून तनुजानं तिच्या पानात उगाच आणखी एक पोळी वाढली होती.

सृष्टीच्या दहाव्या वाढदिवसाला दोघी गगनविहारला गेल्या. लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्याला, ते नवं करमणूक उद्यान नुकतंच सुरू झालं होतं, आणि वर्गातली निम्मी मुलं तिथल्या गरुडझेपेत बसून आली होती. ती म्हणे इतक्या उंचावरून खाली येते की ओरडायलाही वेळ मिळत नाही. मे महिन्याचं ऊन, अकरा वाजलेले, आणि लोखंडी कठड्यांमधून आठ-नऊ वळणं घेत पसरलेली रांग. ‘येथून पुढे अडीच तास’ अशी पाटी होती. रांग चुकवण्यासाठी वेगळा पास मिळतो असं वेबसाइटवर लिहिलं होतं, तो सकाळीच संपला होता. सृष्टी काहीच बोलली नाही. हट्ट करणारं मूल नव्हतंच ते, आणि तिच्या त्या न बोलण्याचाच तनुजाला धाक वाटत असे.

“चल,” ती एकदम म्हणाली. सृष्टीचा हात धरून ती कठड्याच्या कडेकडेनं आत शिरली आणि पहिल्याच माणसाला म्हणाली, “अहो, जरा जाऊ देता का? आमचे हे पुढे उभे आहेत.”

तो माणूस सरकला. त्याच्या पुढची बाई सरकली. कॉलेजातली पोरं तर बॅगा पोटाशी धरून भिंत दुभंगावी तशी बाजूला झाली. हातात मुलगी असलेल्या बाईचा नवरा कुठेतरी पुढे असणारच, यावर लोकांचा केवढा विश्वास! चौथ्या वळणावर तेवढे एक गृहस्थ हलेनात. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत छत्री, शेजारी कंटाळलेली नात.

“पुढे म्हणजे कुठे?” त्यांनी विचारलं. “पानिपतावर?”

मागचे लोक हसले. तनुजाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पाऊल मागे घ्यावं असंही वाटून गेलं, पण तेवढ्यात सृष्टीनं मान वर केली, त्यांच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि म्हणाली, “बाबा पुढे आहेत, आजोबा.”

“मग जा हो,” ते म्हणाले. “आम्ही शनिवार पेठेतून सहाला निघालो. आमचंही कोणी पुढे असतं तर आम्हीही झोपून उठून आलो असतो.”

तनुजाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि तरीही ती पुढेच सरकत राहिली. शेवटच्या वळणावर एखाद्या गलबला करणाऱ्या कुटुंबामागे गुपचूप मिसळून जायचं, असा तिचा बेत होता. पण त्या वळणावर पोचली तेव्हा साखळीपाशी उभ्या असलेल्या एका माणसानं हात वर केला.

“इकडे,” तो म्हणाला. “किती वेळ लावलात!”

चाळिशीचा, बारीक अंगाचा, चष्मा लावलेला माणूस होता. त्या उन्हात त्यानं स्वेटर घातला होता, मरून रंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता. साखळीशी बसलेली खाकी साडीतली बाई उठली. ‘बायडाबाई’ अशी पट्टी तिच्या खांद्याशी लावलेली होती. “या ताई, या,” ती म्हणाली. “सायब कवाधरनं थांबल्यात तुमच्यासाठी. पाच खेपा सोडल्या त्यांनी.”

कोणीतरी सज्जन माणूस आहे, तनुजानं स्वतःची समजूत घातली. आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असेल, कीव आली असेल. अशी कीव आपल्या वाट्याला यावी याची तिला शरम वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. एका रांगेत तीन आसनं होती. सृष्टी मधे बसली. तनुजा हळूच म्हणाली, “अहो, तुमचे फार उपकार झाले.” अभिनवला तिनं आयुष्यात कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं.

“त्यात काय,” तो म्हणाला. “मी उभाच होतो.” मग सृष्टीकडे वळून म्हणाला, “डोळे मिटू नकोस. मिटले की जास्त भीती वाटते.”

वरून खाली येताना तनुजानं डोळे घट्ट मिटून घेतले. खाली आल्यावर उघडले, तर सृष्टीचा हात त्याच्या हातात होता आणि ती हसत होती, तीन वर्षांत हसली नव्हती तशी. “बाबा, परत!” ती म्हणाली.

तनुजानं तिला बाजूला ओढलं. “त्यांना बाबा काय म्हणतेस?”

“तूच म्हणालीस ना,” सृष्टी म्हणाली, “आमचे हे.”

तो माणूस आपल्या वाटेनं जाईल म्हणून तनुजा थांबली, पण तो सृष्टीची पाण्याची बाटली हातात घेऊन त्यांच्याबरोबर चालू लागला, उपाहारगृहात त्यांच्याच टेबलाशी बसला आणि सृष्टीला न विचारता तिच्या पावभाजीवरचा कांदा बाजूला काढू लागला. तिला कांदा चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलं? शेजारच्या टेबलावर रांगेतलंच एक कुटुंब बसलं होतं. हे आमचे कोणी नव्हेत, असं म्हणायचं तर सकाळचं सगळं खोटं त्यांच्यादेखत ताटात वाढल्यासारखं झालं असतं. उठताना सांगू, ती स्वतःला म्हणाली.

तेवढ्यात सृष्टीच्या हातातला फोन वाजला. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला विजयमालाकाकूंनी व्हिडिओ कॉल केला होता. सृष्टीनं फोन उंच धरला, आणि काकूंचा आवाज टेबलभर पसरला. “अगंबाई! आले का हे? तनुजा, बोलली नाहीस ती! किती बारीक झालेत गं, तू म्हणायचीस तस्सेच. आणि तो स्वेटरही घातलाय की!”

सृष्टी आईकडे बघत होती. काकू बघत होत्या. तो माणूस मात्र पावाचा तुकडा मोडत, आपल्याला कुठलीच घाई नसल्यासारखा, खाली मान घालून बसला होता. एक शब्द खरा बोलायला तनुजाला याहून चांगली वेळ पुन्हा मिळणार नव्हती, आणि हे तिला त्या क्षणीही कळत होतं.

“हो काकू,” ती म्हणाली. “सकाळीच आले. सरप्राइज.”

फोन बंद झाला. सृष्टी खुर्चीत नीट, मोठ्या माणसासारखी टेकून बसली, काहीतरी एकदाचं मिटलं असावं तशी. आणि मग तनुजाची नजर त्याच्या स्वेटरवर गेली. सगळी बटणं मरून दोऱ्यानं शिवलेली होती. तिसरं निळ्या.

ती उठली. “मी तोंड धुऊन येते,” म्हणाली. “सृष्टी, तूही चल.”

“तिला राहू दे,” तो प्रेमानं म्हणाला. “तू दमलीस. सावकाश ये. आम्ही पुढे जाऊन नंबर धरतो.”

सृष्टी जागची हलली नाही. तिला हाताला धरून ओढून न्यायला हवं होतं. पण शेजारचे लोक कौतुकानं बघत होते, आणि तनुजा एकटीच गेली. बेसिनपाशी तिनं तोंडावर पाणी मारलं, आरशातल्या बाईकडे बघवेना म्हणून नळाकडे बघत राहिली. घरी जायचं आणि काकूंचं दार वाजवून सगळं सांगायचं, पहिल्या रविवारपासून, हे तिनं तिथं ठरवलं. त्याआधी त्या माणसाला सगळ्यांदेखत सांगायचं की तुम्ही आमचे कोणी नाही. लाज वाटेल ती वाटो. ती बाहेर आली तेव्हा टेबल रिकामं होतं आणि ताटाच्या कडेला कांद्याचे तुकडे नीट गोळा करून ठेवलेले होते.

दुपारची रांग सकाळपेक्षा लांब झाली होती. पार पुढे, साखळीपाशी, मरून स्वेटर दिसत होता, आणि त्याच्या कोपराशी सृष्टीचा पिवळा हेअरबँड. तनुजा धावतच कठड्यात शिरली. “जाऊ द्या,” ती म्हणाली. “माझी मुलगी पुढे आहे.”

कोणी सरकलं नाही. “सगळे असंच म्हणतात, मॅडम,” एक मुलगा म्हणाला. तिनं कोपरानं वाट काढायचा प्रयत्न केला, तर बाया ओरडल्या. आणि त्याच गर्दीत काखेत छत्री धरून, नातीच्या हट्टापायी दुसऱ्यांदा उभे राहिलेले ते शनिवार पेठेतले गृहस्थ वळले.

“सकाळी हे पुढे होते, आता मुलगी पुढे,” ते म्हणाले. “तुमच्या घरात मागे राहतं तरी कोण?”

“तो माणूस आमचा कोणी नाही हो!” तनुजा किंचाळली. “मी खोटं बोलले होते! मी ओळखत नाही त्याला. माझी मुलगी आहे त्याच्याबरोबर!”

मग कोणीतरी म्हणालं, “दुपारी तर एका टेबलावर जेवत होते,” आणि दुसरं कोणीतरी हसलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि लोक बघतात तसे लोक बघत होते, ज्या बघण्याला ती तीन वर्षं भीत आली होती. आता तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. गृहस्थांचा चेहरा मात्र बदलला. त्यांनी छत्री उंच करून पुढे हाक दिली, “ओ बाई! त्या मुलीला विचारा जरा. ही बाई तिची आई आहे म्हणते.”

निरोप तोंडातोंडी पुढे गेला. बायडाबाईनं साखळी काढता काढता हात थांबवला आणि सृष्टीपाशी वाकली. रांग इतकी शांत झाली होती की तिचा आवाज मागेपर्यंत आला.

“बाळा, ती मागली ताई तुमची हाय का?”

सृष्टी वळली. तो माणूस वळला नाही, तिची बाटली धरून तसाच उभा राहिला. इतक्या माणसांच्या डोक्यांवरून सृष्टीनं आईला लगेच शोधलं आणि सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. तिनं खाली बघावं, एकदाच, अर्धा क्षण खाली बघावं, म्हणून तनुजा श्वास रोखून उभी होती.

“आमचं मागे कोणी नाही,” सृष्टी शांतपणे म्हणाली, आणि गप्प बसली.