पितळेची चकती

इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल खचाखच भरला होता. समोरच्या गच्चीवर नवा मोबाइल टॉवर उभा राहिला होता आणि त्याच्यापासून आम्हाला वाचवायला लहरीबुवा अवतरले होते. हे नाव मी ठेवलेलं. ते स्वतःला तरंगाचार्य म्हणवून घेत.

"पहिल्या पिढीचा फोन नुसता कानापर्यंत पोचला, मायबापहो! दुसरी पिढी मेंदूत शिरली, तिसरी रक्तात, चौथी हाडात. ही पाचवी थेट जिवाला हात घालते. आणि सहावी वाटेवर आहे!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फोनची पिढी बदलते म्हणजे त्याच हवेतून जास्त माहिती जास्त वेगाने जाते. आधी नुसता आवाज गेला, मग निरोप, मग चित्रं. उद्या आणखी काही जाईल. पण हे ऐकायला तिथे वेळ कोणाला होता!

बुवांनी लिफ्टजवळच्या कोपऱ्यात एकाच्या फोनवरून कॉल लावला आणि शेजारी लहरी मोजणारा मीटर धरला. मीटर किंचाळला. लोक दचकले. मग बुवांनी फोनला पितळेची चकती चिकटवली आणि "उजेडात या, सगळ्यांना दिसू द्या," म्हणत खिडकीशी गेले. मीटर चिडीचूप! टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला आणि चकत्या हातोहात खपल्या.

सर्वांत पुढे माझी ताई बसली होती. तिला ब्लडप्रेशर होतं, अधूनमधून डोकं दुखायचं. बुवांनी तिच्या कपाळाकडे बघूनच निदान केलं, "हे टॉवरचं दुखणं. चकती लावा आणि गोळ्या बंद करा. गोळ्या तरंग ओढून घेतात."

दुसऱ्याच दिवशी मी तिच्या घरी गेलो. "ताई, पाया पडतो, गोळ्या सोडू नकोस. तो माणूस डॉक्टर नाही."

"तुला मेलं सगळं खोटंच वाटतं. बघ, डोकं कसं हलकं झालंय!"

भाऊजींनी तिचीच री ओढली. "अरे, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मीटर काय खोटं बोलतो?"

मीटर खरं तेच बोलत होता. खोटं बोलत होता तो मीटर धरणारा.

महिन्याभरात ताई शिलाई मशीनवरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" भाऊजींनी चकती लावलेला ताईचा फोन त्यांच्यापुढे ठेवला.

टॉवर हटवण्यासाठी पुन्हा सभा भरली. बुवांनी ताईचाच दाखला दिला, "टॉवरचा पहिला बळी तुमच्याच इमारतीत पडला!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बुवा, आज उलटं करू," मी उठलो. "चकती आधीच लावतो आणि लिफ्टपाशी उभा राहतो."

"क्रम मोडला की शक्ती जाते," बुवा घाईघाईने म्हणाले.

"द्या त्याला मीटर!" मागून भाऊजी ओरडले. या माणसाने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता.

चकती लावलेल्या फोनवरून कॉल लावून तो लिफ्टपाशी धरला. मीटर किंचाळतच राहिला. मग चकती खरवडून काढली आणि खिडकीत गेलो. मीटर गप्प झाला.

"खिडकीतून टॉवर समोर आहे. तिथे फोनने नुसतं कुजबुजलं तरी टॉवरला ऐकू जातं," मी सांगितलं. "लिफ्टच्या लोखंडाआड त्याला ओरडावं लागतं. सगळी करामत जागेची आहे, चकतीची नाही. टॉवर लांब नेलात, तर तुमच्या कानाशी फोन आणखी जोरात ओरडेल."

बुवा "नास्तिकांची सभा" असं काहीतरी पुटपुटत पिशवी आवरू लागले.

मी लोकांकडे वळलो. "टॉवरबद्दल शंका असेल तर जरूर विचारा, जाणकारांकडून मोजून घ्या. पण कोणी चमत्कार दाखवला, तर जागा बदलून, क्रम बदलून पुन्हा करायला लावा. आणि डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. एवढी अक्कल आपल्या प्रत्येकाकडे आहे, ती वापरा."

लोकांनी माना डोलावल्या. बाहेर पडताना शेजारच्या काकूंनी मला हळूच गाठलं. "तुझं पटलं रे. पण चकती तशीच राहू दिली, तर काय हरकत आहे?"

"काकू, हरकत हॉस्पिटलात पडली आहे," मी म्हणालो. "संध्याकाळी भेटू देतात. जाऊन बघून या. तिला स्वतःचं नावही सांगता येत नाही."