मानाची तंगडी

आमच्या बेळगुंदीत मोठेपणा डोक्यावर न्हाय, दातावर चालतो. मरगाईच्या जत्रंत देवीचं कोंबडं कापलं की त्याची उजवी तंगडी आमच्या भावकीतल्या थोरल्यानं खायची. चारचौघांत बसून, कुनी तोडून न देता, आनि हाड साफ करून देवीम्होरं ठेवायचं. जमलं, तर वरसभर भावकीत त्याचा शब्द. कुनाची पोर कुठं द्यायची, कुनी वेगळं निघायचं, समदं तोच ठरवनार. न्हाय जमलं, तर तंगडी धाकट्याकडं आनि शब्दबी तिकडंच. शहाणपण तपासायची एवढी सोपी रीत सरकारलासुद्धा सुचली न्हाय बघा.

थोरलं म्हंजे माझं सासरं, यल्लाप्पा, आमचं आप्पा. त्या वरसी पंचमीच्या तंबिटाच्या लाडवात त्यांचा शेवटचा दात अडकून बाहेर आला. धाकटं म्हंजे त्यांचं चुलतभाऊ, भरमाकाका. ते लगोलग समाचाराला आलं. दाताच्या समाचाराला कुनी येतं व्हय? पर आलं, आप्पांना तोंड उघडाय लावलं, आत वाकून बघितलं आनि समाधानानं च्या पिऊन गेलं. बाजारात बैल बघायची सवय, दुसरं काय.

मला हसू आलं असतं. पर भरमाकाकांचा एक मेव्हणा हाय बोरगावात. तंबाखूची वखार हाय, दोन बायका खपवून झाल्यात, आता तिसरी पायजे. काकांना त्याच्यासाठी माझी राजी दिसली. राजी अजून शाळंत जाती, चिंचंच्या झाडावर चढती आनि झोपताना माझा पदर मुठीत धरती. आप्पांनी त्या सोयरिकीला न्हाय म्हटलं हुतं. नातीच्या मायेनं? छा! भरमानं व्हय म्हटलं म्हनून. कसं का असंना, माझ्या लेकराच्या पाठीशी तेवढंच एक न्हाय हुतं. दात पडला तसं तेबी हालाय लागलं.

म्हनून मीच म्हटलं, कोंबडीचा खिमा करायचा आनि तोच तंगडीत भरायचा. आमचं मालक, परशराम, म्हणालं, तुला काय कळतंय, खिमा बेळगावच्या कँपात तयार मिळतो, गोऱ्या सायबांचं खानसामं नेत्यात. गेलं. सगळा दिवस मोडून आलं ते पानात बकऱ्याचा खिमा घेऊन. खाटीक म्हणाला म्हनं, कोंबडीचा खिमा कोनच करत न्हाय, कोंबडीत असतंय काय खिमा कराय. मरगाईचं कोंबडं आनि तंगडी बकऱ्याची! देवी आंधळी न्हाय, भरमाकाका तर तिच्याहून न्हाईत. वर मालक हाटेलात भजी खाऊन आलतं, ते मिशीवर दिसतच हुतं. तो खिमा आमीच खाल्ला, तेवढंच पुण्य पदरात पडलं.

जत्रंचा दिवस उजाडला. देवीला सोडलेलं कोंबडं म्हंजे गावाचा जावई. कोन हाकलत न्हाय, समद्यांच्या खळ्यावर खातंय, हिंडून हिंडून अंगाची चामड्याची वादी झालेली. सकाळपास्नं उकळलं तरी घाम चुलीलाच यायचा. मी परसात चूल मांडली आनि आधी कांबळं आडवं बांधलं. म्हटलं, देवीच्या चुलीवर परक्याची सावली पडू ने, आमच्या सासूबाईंनी सांगितलंय. बिचाऱ्या सासूबाई जन्मात असलं काय बोलल्या न्हवत्या. पर नेम जोरात सांगितला की जुना वाटतो. डोकवाय आलेलं भरमाकाकाबी हात जोडून मागं सरकलं.

कोंबडं भाजून, हळद चोळून झालतं. कणसाचा पाला सोलावा तसं उजव्या तंगडीचं कातडं खाली ओढलं, फाटू न देता. मांस हाडावरनं खरवडलं. त्यात पांढऱ्या शिरा असत्यात दोऱ्यावानी, त्या एकेक ओढून काढल्या. एक जरी ऱ्हायली तर आप्पांच्या घशात आनि माझ्या राजीच्या गळ्यात अडकायची. मग लाकडाचा ठोकळा आनि कोयता. उभा, आडवा, पुन्यांदा उभा. छातीचंबी थोडं मांस घातलं. बाहेरनं कुनी विचारलं, मालुबाई, एवढं काय ठोकतीस गं? म्हटलं, खोबरं. मग परसातल्या पाट्यावर कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, चटणी, आनि बांधून धराय डाळ्याचं पीठ. वरवंटा फिरवून फिरवून खांद्याचा भुगा झाला, पर खिमा लोण्यावानी मऊ झाला. तो हाडाभवती थापला, वर कातडं चढवलं, काडीनं टाचलं आनि शेंगतेलात झाकण घालून परतलं. मग काडी काढून टाकली. ती तंगडी बघून माझ्याच तोंडाला पानी सुटलं.

डावी तंगडी तशीच रश्श्यात टाकली. त्यात माझा काय डाव न्हवता. हात भरून आलं हुतं, दुसरं काय.

देवळाम्होरं समदी भावकी बसली, रश्श्याचं पातेलंबी तिथंच आनून ठेवलं. आप्पांनी तंगडी उचलली. भरमाकाका गुडघ्याला गुडघा लावून बसलेलं, डोळं आप्पांच्या तोंडात. आप्पांनी हिरडी टेकली आनि घास सुटून आला. मग दुसरा, मग तिसरा. हाड पांढरंफेक होऊन देवीम्होरं पडलं. हलगी वाजली. बाया म्हणाल्या, मरगाई पावली. आनि आमचं आप्पा, आयत्या बिळात नागोबा, मांडीवर थाप मारून म्हणालं, दात लागत्यात कुनाला, आमची हिरडीच थोरल्या घराची हाय. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. न्हाय तर न्हाय. माझी पोर वाचली म्हनून मला रडू येत हुतं.

पर भरमाकाकांचं खायचं दात येगळं, दाखवायचं येगळं. ते उठून आप्पांच्या पाया पडलं. म्हणालं, आप्पा, मी चुकलो, तुमच्यावानी मानूस पंचक्रोशीत न्हाय. आता मी बोरगावची सोयरीक मागत न्हाय. तुमीच आपल्या तोंडानं देवीम्होरं द्या, म्हंजे तिकडंबी तुमचं नाव हुईल. झालं! आप्पांची छाती फुगली. दातांसंगट अक्कलदाढबी गेलती न्हवं. मिशीला पीळ दिला, खाकरलं आनि म्हणालं, "भरमा एवढा म्हनतोय, तर..."

राजी खांबाला टेकून उभी हुती. समदी आपल्याकडं का बघाय लागल्यात, तेबी तिला कळत न्हवतं. मला कुठनं सुचलं ते मरगाईला ठावं. मी रश्श्याच्या पातेल्यातली डावी तंगडी ताटलीत काढली आनि आप्पांम्होरं नेऊन ठेवली.

"आप्पा, हीबी खावा की वो," म्हटलं. "ही मी जशी हाय तशीच ठेवलीया."

लोक तर खूशच झाली. खावा आप्पा, दाखवा थोरल्या घरची हिरडी, म्हनाय लागली. हलगीवाल्यानं हलगी शेकून तयार धरली. आप्पांनी अंगठ्यानं तंगडी दाबली. ती काय दबली न्हाय. तवा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी पदर डोक्यावर नीट घेतला आनि चांगल्या सुनंवानी खाली बघितलं.

"प्वाट भरलंय," आप्पा हळू म्हणालं.

"मग आधी सोयरिकीचं बोलून घ्या. खायचं काय, मागनं खावा."

आप्पांनी ताटलीकडं बघितलं, भरमाकाकांच्या बत्तिशीकडं बघितलं. "पोरीचं लगीन सोळा सरल्याबिगर न्हाय," म्हणालं. "आनि बोरगावात तर न्हायच."

"देवीम्होरं बोलताय न्हवं?"

"व्हय गं बाई, देवीम्होरं."

मी ताटली उचलली. आप्पांचं प्वाट भरलंय म्हनून समद्यांना सांगितलं. भरमाकाकांचं तोंड उघडंच ऱ्हायलं, त्यामुळं त्यांचं दात मला एकदा नीट मोजून बघाय मिळालं. चांगलं हायत, काय उपेग न्हाय.

समद्यांचं उरकल्यावर आमी बाया परसात जेवाय बसलो. दरसाली आमच्या वाट्याला कोंबड्याची मान येती, तेवढाच आमचा मान. ह्या वरसी मी डावी तंगडी राजीच्या ताटात वाढली. तिनं दोनी हातांनी धरली, ओढली, वाकडंतिकडं तोंड केलं.

"आये, लई चिवट हाय गं."

"असंना," म्हटलं. "तुला दात हायत. चाव."