भाऱ्याखालची बाई

चित्र तिसऱ्यांदा लाल होऊन परत आलं, तेव्हा रविनानं ते पुन्हा मोठं करून पाहिलं.

चित्र तसं साधंच होतं. हायवे, कडेची पांढरी पट्टी आणि पट्टीला लागून गवताचा मोठा ढीग. ढिगाखाली दोन काळपट काठ्यांसारखं काहीतरी. रविनानं त्याभोवती चौकट आखून यादीतून ‘माणूस’ निवडलं होतं. दूर कुठंतरी बसलेल्या तपासनिसानं ते खोडून शेरा मारला होता, की डोकं नाही, हात नाहीत, तेव्हा हा झाडोरा आहे.

डहाणू स्टेशनजवळ औषधांच्या दुकानावर हे ऑफिस होतं. चौदा मुली, चौदा कॉम्प्युटर. कुठल्याशा परदेशी कंपनीची गाडी ड्रायव्हरशिवाय चालणार होती आणि तिला रस्ता ओळखायला शिकवायचं काम या मुलींकडे आलं होतं. गाय दिसली की गाय, रिक्षा दिसली की रिक्षा, दिवसभर चौकटी आखायच्या. पाड्यावर कुणी विचारलं, तर रविना सांगायची, गाडीला बालवाडीत घातलंय. बारावीनंतर दोन वर्षं भातशेतीत आणि कारखान्यांच्या गेटवर उभं राहण्यात गेली, तेव्हा कुठं तलासरीच्या या पोरीला पंख्याखाली बसून करायची नोकरी मिळाली होती. ती टिकवायची, तर शंभरातल्या पंच्याण्णव चौकटी बरोबर यायला हव्यात. रविनाचा आकडा नेमका पंच्याण्णववर येऊन टेकला होता. आणखी एक चित्र चुकलं की उद्यापासून घरी.

सेंटर पीयूष सांभाळायचा. चिंचणीचा हा मुलगा स्वभावानं मऊ होता, पण वरून फोन आला की त्याचाही आवाज बदलायचा. रविनाच्या खुर्चीमागं येऊन तो उभा राहिला.

“सर, ही बाई आहे. भारा घेऊन चाललीय,” रविना म्हणाली.

“बाई कुठं दिसते, मला दाखव.”

“हे काय, पाय.”

“काठ्या पण असू शकतात ना.”

“पुढच्या चित्रात हललेत, सर. झाड काय चालतं?”

पीयूष वाकून बघत राहिला. त्यालाही दिसलं असावं, कारण तो पटकन सरळ झाला.

“हे बघ, दिसतं तेवढंच लिहायचं,” तो म्हणाला. “तुला काय ठाऊक आहे, ते कुणी विचारलेलं नाही.”

आता ठाऊक तर तिला होतंच. दरवर्षी दिवाळीनंतर आईबरोबर गवत कापायला जाऊन ती मोठी झाली होती. येताना आई पुढं असायची, पण आईच्या जागी कमरेपर्यंत नुसतं गवतच दिसायचं. भारा जड असला की पाय कसे जवळजवळ आणि भराभर पडतात, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. चित्रातले पाय तसेच होते. ती बाई कोण, कुठल्या पाड्यावरची, हे कळायला मात्र काही मार्ग नव्हता.

तरी रविनानं माऊस हातात घेतला. नोकरी कुणाला नको असते? त्याच बाईची एकोणीस चित्रं होती आणि प्रत्येक चित्रात कॅमेऱ्याची गाडी तिच्या थोडी आणखी जवळ आलेली. एकोणीस वेळा तिनं ‘माणूस’ काढलं आणि ‘झाडोरा’ घातलं. सगळी पाठवली, सगळी हिरवी झाली. शेजारच्या दक्षानं “सुटलीस बाई” म्हणत आपला चहा तिच्यापुढं केला. रविनानं तो परत तिच्याकडं सरकवला.

दुपारच्या डब्यानंतर तिनं पीयूषला गाठून विचारलं, की झाडोरा दिसला तर ती गाडी काय करते. पीयूष मोबाइलमध्ये बघतच म्हणाला, करायचंय काय, कडेच्या झाडाला कुणी ब्रेक मारतं का? मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं मोबाइल खाली ठेवला. रविना म्हणाली, मला ती चित्रं परत उघडून द्या, जाऊ दे माझा आकडा खाली. पण ते त्याच्याही हातात नव्हतं. गेलेलं काम परत येत नसे, ते गाडीच्या डोक्यात गेलेलं असे. त्यानं तिची समजूत घातली. असल्या गाड्या आपल्या रस्त्यावर यायला कितीतरी वर्षं लागतील, आणि तुझ्या एकोणीस चित्रांनी काय होतंय, तिथं लाखो चित्रं असतात.

एसटीत बसल्यावर नेमके हे लाखोच रविनाला खायला उठले. लाखो चित्रं म्हणजे आपल्यासारख्या किती मुली, आणि त्यातल्या किती जणी पंच्याण्णववर टेकलेल्या. खिडकीतून कडेनं चालणारं प्रत्येक माणूस ती नीट बघून घेत होती. तिला सरळ भीती वाटत होती.

ती हायवेवर उतरली, तेव्हा ऊन कलतं झालं होतं. डिव्हायडरला जिथं कट होता, तिथून पाड्यावरचे लोक पलीकडं जायचे. तिची आई, जिजा, तिथंच उभी होती, डोक्यावर भारा घेऊन. रविनानं तिला पायांवरून ओळखलं.

“आये, रस्ता ओलांडायच्या आधी भारा खाली ठेवत जा. माणूस दिसलं पाहिजे.”

भाऱ्याखालून जिजाचं हसू ऐकू आलं. “खाली ठेवला तं परत चढवील कोन? तू असशील का रोज?”

तेही खरंच होतं. भारा एकटीला उतरवता येतो, चढवायला दुसरं माणूस लागतं.

“आये, मी आज एका बाईला झाड केलं,” रविना म्हणाली, आणि मग तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं. ती गाडी, ती चित्रं, तो आकडा. जिजानं भाऱ्यासकट उभं राहून सगळं ऐकलं. ती रागावली नाही.

“मना तं भाऱ्याखालून गाडी दिसतच नाय,” ती म्हणाली. “पोंगा ऐकते मी. पोंगा वाजला म्हंजे समजायचा, त्यानं बघलाय मना. त्या गाडीत कोनी नसला, तं पोंगा कोन वाजवील?”

ती गाडी पोंगा वाजवते का, हे रविनाला माहीत नव्हतं. आजवर तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं.

ती आईच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला आली, जिकडून गाड्या येत होत्या तिकडं. हात वर केला. लांबून येणाऱ्या ट्रकनं जोरात हॉर्न दिला आणि वेग कमी केला.

“बघलाय,” जिजा म्हणाली आणि चालू लागली. रविना तिच्या अंगाला अंग लावून चालली. डिव्हायडरपाशी दोघी थांबल्या, मग पलीकडचा रस्ताही तसाच ओलांडला.

पाड्याच्या वाटेला लागताना रविनानं मागं वळून पाहिलं. हायवेच्या त्या अंगाला आणखी एक बाई भारा घेऊन येऊन उभी राहिली होती. कोण होती ते कळत नव्हतं. रविनानं आईला पुढं व्हायला सांगितलं आणि ती परत रस्त्याकडं निघाली.