फर्मिनच्या गाडीची दाढी

"आई, तुझी हरकत नसेल तर बाबांच्या गाडीची दाढी करतो," रोहेलियो म्हणाला, आणि मी हो म्हणून बसले.

आता यात माझं काय चुकलं? दाढी म्हणजे दाढी. माझा नवरा फर्मिन अंथरुणाला खिळला तेव्हा रोज सकाळी मीच त्याची दाढी करत होते, मिशीला फेस लागू न देता. मला वाटलं, बापाची जुनी शेव्हरोले अंगणात उभी राहून गंजलीय, पोरगा तिचे गाल घासूनपुसून लख्ख करणार. म्हटलं, "कर. त्याला खुंट वाढलेले आवडायचे नाहीत." आणि बहिणीच्या सुनेचं बाळंतपण निस्तरायला फ्रेस्नोला निघून गेले.

परत आले तर नीलमोहराखाली गाडी नव्हती, गाडीचं स्वप्न उभं होतं. काळ्या द्राक्षाच्या सालीचा रंग. कुठे सांधा नाही, कुठे टोक नाही. नदीनं वर्षानुवर्षं चाटलेला धोंडा असावा तशी. वरून फुलं पडत होती आणि तिच्या अंगावर न थांबता घसरून जात होती. माझा हात सवयीनं उजव्या दाराकडे गेला आणि तोही फुलांसारखाच घसरला.

"हँडल कुठाय?"

"काढलं. तुला विचारूनच काढलं की! सगळी हँडलं काढायची, भोकांवर पत्रा जोडायचा, वर शिसं वितळवून थापीनं लोण्यासारखं पसरायचं, आणि घासायचं. आमच्यात याला दाढीच म्हणतात."

"तुमच्यात! मी दाढी कर म्हटलं होतं मेल्या, नाक काप म्हटलं नव्हतं. अरे, शवपेटीलासुद्धा कड्या असतात!"

कुंपणापलीकडून देल्फिना खिदळली. ती रोहेलियोची बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून माझी कोमाद्रे, मानलेली बहीण. माझी फजिती बघायला कधीही मोकळी.

ते उजवं, माझ्या बाजूचं हँडल फर्मिननं मला कधी धरू दिलं नाही. तो उतरायचा, टोपी सारखी करायचा, गाडीच्या नाकाला वळसा घालून रमतगमत यायचा, बाहीनं हँडल पुसायचा आणि मग दार उघडायचा. मी म्हणायची, "उशीर केलास." तो म्हणायचा, "राणीला कुठं जायची घाई?"

तो गेल्यावर शनिवारी ते हँडल मी चमकवायची आणि नंतर नुसतीच धरून उभी राहायची. सावलीतलं गार लोखंड हळूहळू तळव्यात कोमट व्हायचं. मग एक क्षण असा यायचा की हात कुणाचा आणि हँडल कुठलं, ते कळायचं नाही. त्या क्षणासाठी आठवडा काढायची मी. आता धरायचं काय?

रोहेलियोनं टॉवेलात गुंडाळून हँडल आणून दिलं. "टाकलं नाही गं. दार आता विजेवर उघडतं, कळ लपवलीय. दाखवू?"

"नको. मी त्या गाडीत बसणार नाही."

हँडल पर्समध्ये जपमाळेशेजारी ठेवलं. जड होतं, पण ओझं माझं होतं.

रविवारी त्याच्या हौशी गाडीवाल्यांच्या मंडळाच्या गाड्या बुलेवारवरून, म्हणजे गावच्या मोठ्या रस्त्यावरून, निघायच्या होत्या, एकामागून एक, जमिनीला टेकतील इतक्या खाली आणि शक्य तितक्या हळू. फर्मिन गेल्यानंतर त्याची गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर येत होती.

"कोमाद्रे, मग तुझ्या जागेवर मी बसू का?" देल्फिनानं विचारलं.

"बस की. दार सापडलं तर."

ती फणकारून बुलेवारवर जागा धरायला गेली.

मी निळा झगा घातला होता, तो काही गाडीसाठी नव्हे. निरोप द्यायला उभं राहायचं तरी नीट राहावं म्हणून. दुपार मधासारखी दाट झाली होती. गल्लीतला रेडिओ पाण्याखालून वाजल्यासारखा येत होता. काचेवर जांभळी फुलं झोपली होती, आणि उन्हात ती गाडी श्वास घेतेय असं मला वाटायला लागलं.

टक् झालं.

उजवं दार आपसूक बोटभर पुढं आलं, थबकलं, मग अलगद उघडलं. समोर कुणी नव्हतं. काचेवरची फुलं माझ्या पायाशी पडली.

म्हातारी असेन, आंधळी नाही मी. मागच्या चाकाशी रोहेलियो वाकून, एक हात गाडीच्या पोटाखाली घालून, बिनलेसच्या बुटाची लेस बांधत होता. पण माझं तोंड माझ्याआधी बोलून गेलं होतं.

"उशीर केलास."

चाकामागून उत्तर आलं, "राणीला कुठं जायची घाई?"

आवाजही बापाचाच उचललाय मेल्यानं. टोपी सारखी करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी तिथंच उभी राहिले. मग झगा सावरून आत बसले. दार माझ्यामागं हळूच लागलं. कुणी लावलं ते मी बघितलं नाही.

बुलेवारवर आम्ही चालत होतो का तरंगत होतो, देव जाणे. दुकानं, माणसं, ताडाची झाडं त्या काळ्या-जांभळ्या पत्र्यातून वाहत गेली. पर्स मांडीवर होती, हात पर्समध्ये. लोखंड केव्हाच कोमट झालं होतं.

कोपऱ्यावर देल्फिना गाडीबरोबर धावू लागली, दारावर नजर फिरवत. "अगं, कुठं हँडल नाही, काही नाही! आत शिरलीस कुठून?"

मी काच खाली केली. "माझं दार उघडायला माणूस आहे, कोमाद्रे. तुझं तू बघ."